क्यू-शिराताकी : एका 'तात्पुरत्या' थांब्याची ६९ वर्षे

आमच्या जुन्या पासधारकांच्या व्हॉट्सॲप गटात दर जानेवारीत एक संदेश न चुकता येतो. भिलवडी, आमणापूर, नांद्रे अशा स्टेशनांवरून चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रोज पॅसेंजरने सांगलीला शिकायला येणारी आम्ही पंचवीस-तीस माणसे त्या गटात आहोत, त्यामुळे रेल्वेसंबंधी कुणाला काहीही सापडले की ते तेथे येऊन पडतेच. संदेश असा : जपानच्या होक्काइडो बेटावरील एका ओसाड स्टेशनावर दिवसातून दोनदाच गाडी थांबते आणि तीही एका शाळकरी मुलीसाठी, कंपनीने ते स्टेशन बंद करण्याचे ठरवले होते, परंतु ही मुलगी रोज येथून शाळेला जाते असे कळल्यावर तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत स्टेशन चालू ठेवायचे असा निर्णय झाला. खाली बर्फात उभ्या असलेल्या एका डब्याच्या गाडीचे छायाचित्र असते, आणि शेवटी 'आपल्याकडे असे कधी होणार?' हा प्रश्न.

हा संदेश मी पहिल्यांदा वाचला तो २०१६च्या जानेवारीत. तेव्हा वडील होते. मीटर गेजच्या काळात पुणे–मिरज मार्गावरील लहान स्टेशनांवर त्यांनी सांधेवाला (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा बदलणारा) म्हणून नोकरी केली होती, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही रेल्वेची कोणतीही बातमी ते चौकशी अधिकाऱ्याच्या संशयाने ऐकत. मी त्यांना संदेश वाचून दाखवला. "स्टेशन कुठल्या मार्गावर? बंद करायचा हुकूम कोणत्या तारखेचा?" एवढेच त्यांनी विचारले. माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. "अगं, गाडी माणूस बघून थांबत नाही, टाइमटेबल बघून थांबते," असे म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले. तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईला ते गाव नकाशावर दाखवता येऊ नये, ही गोष्ट मला लागली. तेव्हापासून सवडीने जे वाचत गेले ते येथे एकत्र लिहीत आहे. कारण त्या स्टेशनाचा खरा इतिहास संदेशातील गोष्टीहून कितीतरी भरीव आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम नकाशा. होक्काइडो हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सर्वांत उत्तरेकडचे. त्याच्या साधारण मध्यभागी आसाहिकावा हे शहर आहे आणि ईशान्येला, ओखोत्स्क समुद्राच्या काठी, आबाशिरी. या दोन टोकांना जोडणारा सेकिहोकु मार्ग शिन-आसाहिकावा ते आबाशिरी असा २३४ किलोमीटर लांबीचा आहे. इशिकारी आणि कितामी या दोन जुन्या प्रांतांच्या नावांतील एकेक अक्षर उचलून, त्यांचा चिनी वळणाचा उच्चार करून 'सेकि-होकु' हे नाव तयार झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका झाल्यावर आपल्याकडे 'सांमिकु' झाले, त्यातलाच हा प्रकार. मार्ग एकेरी, वर विजेच्या तारा नाहीत, गाड्या डिझेलवर चालतात, आणि दोन रुळांमधील अंतर १,०६७ मिलिमीटर, म्हणजे आमच्या जुन्या मीटर गेजपेक्षा जेमतेम ६७ मिलिमीटर जास्त. (हा आकडा सांगितल्यावर वडिलांच्या मनात त्या मार्गाविषयी एकदम आपुलकी निर्माण झाली.)

या मार्गाच्या मधल्या डोंगराळ टप्प्यात, युबेत्सु नदीच्या वरच्या खोऱ्यात शिराताकी हे गाव आहे. नावाचा शब्दशः अर्थ 'पांढरा धबधबा'. आसाहिकावाकडून निघाले की घाट उतरल्यावर एकामागून एक चार स्टेशने लागत : कामि-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी. 'कामि' म्हणजे वरची, 'शिमो' म्हणजे खालची आणि 'क्यू' म्हणजे जुनी. बुद्रुक आणि खुर्द यांच्या सवयीने वाढलेल्या माणसाला यात काही अवघड वाटण्याचे कारण नाही. तरीही संदेशाची पहिली चूक नेमकी येथेच झालेली आहे. संदेशात नाव असते कामि-शिराताकीचे, वेळापत्रक असते कामि-शिराताकीचे, आणि मुलगी चढत होती ती शिराताकी ओलांडून पलीकडे असलेल्या क्यू-शिराताकीला. कुंडलचे म्हणून भिलवडीचे वेळापत्रक दिले तर आमच्या गटात केवढा गहजब होईल, पण जपानमधील गावांना ती सवलत नाही.

रेल्वे येण्यापूर्वी या खोऱ्यात आला तो रस्ता, आणि तो कैद्यांनी बांधला. मेजी राजवटीला रशियाच्या भीतीपोटी ओखोत्स्क किनाऱ्यापर्यंत सैन्य आणि वसाहती नेण्याची घाई झाली होती. १८९१ साली आबाशिरीच्या तुरुंगातील हजारावर कैदी या कामाला जुंपण्यात आले आणि थंडी पडण्याच्या आत, काही महिन्यांत, आबाशिरीकडून कितामी घाटापर्यंतचा रस्ता पुरा करून घेण्यात आला. दोनशेहून अधिक कैदी उपासमारीने, आजाराने आणि मारहाणीने मेले. शिराताकीच्या बाजूने जाणारा महामार्ग आजही बऱ्याच अंशी त्याच वाटेने जातो.

त्या रस्त्यामागून वसाहतकरी आले. १९१२ साली दूर दक्षिणेकडील 'की' नावाच्या प्रांतातील, म्हणजे आताच्या वाकायामा प्रीफेक्चरमधील, तानाबे भागातून चोपन्न कुटुंबांचा एक जथा शिराताकीला येऊन वसला. त्यांचा पुढारी होता अठ्ठावीस वर्षांचा मोरिहेई उएशिबा. पुढे ऐकिदो ही युद्धकला ज्याने घडवली तोच. उबदार समुद्रकाठची, मासेमारी आणि भातशेती जाणणारी ही माणसे जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो अशा जंगलात येऊन पडली. सुरुवातीची पिके हातची गेली. लाकूडतोड, घोडे आणि पुदिना यांवर वस्ती कशीबशी तगली. कितामीच्या या साऱ्या पट्ट्याने पुढे पुदिन्यात एवढी मजल मारली की दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगाच्या पुदिना-उत्पादनातील सुमारे ७० टक्के वाटा या एका प्रदेशाचा होता. १९१७ साली शिराताकीत मोठी आग लागली, ती वस्तीही पुन्हा उभी राहिली. उएशिबा १९१८ मध्ये ग्रामसभेवर निवडून आला आणि वडिलांच्या आजारपणामुळे १९१९ मध्ये गाव सोडून गेला. रेल्वेची शिट्टी शिराताकीला ऐकू आली ती त्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. ज्या वाकायामातून ही माणसे आली, त्याच वाकायामातील किशी स्टेशनावर २००७ साली तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमण्यात आले, आणि तिचाही संदेश आमच्या गटात अधूनमधून येतो. तो मात्र शब्दशः खरा आहे.

रेल्वे शिराताकीला आली ती पूर्वेकडून, आणि तिच्या वाटेवरही मृत्यू आहेत. कितामीकडून शिराताकीच्या शेजारच्या एंगारूकडे येताना मध्ये जोमोन नावाचा ५०७ मीटरचा बोगदा लागतो. लांबी काहीच नाही. आपल्या आदर्की-शिंदवणेच्या घाटांतून प्रवास केलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. परंतु १९१२ ते १९१४ या काळात तो खणताना मुकादमांनी फसवून आणलेल्या मजुरांना कोंडून राबवण्यात आले. या कोठड्यांना जपानीत 'ताकोबेया' म्हणत, म्हणजे ऑक्टोपसची खोली. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यात एकदा शिरला की बाहेर येत नाही, तसा मजूर त्या खोलीतून बाहेर येत नसे. शंभराहून अधिक मजूर या कामावर मेले असे मानले जाते. बोगद्याच्या भिंतीत माणसे चिणली आहेत, असे रेल्वेचे कामगार पुढे कित्येक वर्षे एकमेकांना सांगत, आणि ऐकणारे त्याला भुताच्या गोष्टी समजत. १९६८च्या भूकंपाने बोगद्याच्या अस्तराला तडे गेले, १९७० मध्ये दुरुस्तीसाठी भिंत उकरली, तेव्हा आत उभा सांगाडा सापडला. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत जड गेला. कुणी हे चित्र पाठवून 'आपल्याकडे असे कधी होणार' असे विचारत नाही.

१९१५ साली रूळ एंगारूपर्यंत पोहोचले. त्यापुढे बारा वर्षे खंड पडला. १९२७ मध्ये मारुसेप्पु, १२ ऑगस्ट १९२९ रोजी शिराताकी. पश्चिमेकडून येणारे रूळ १९२३ मध्येच कामिकावाला येऊन थांबलेले होते. मधला कितामी घाट चार किलोमीटरहून लांब असा सेकिहोकु बोगदा खणून पार करण्यात आला आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी दोन्ही बाजू जुळल्या. कामि-शिराताकी स्टेशन त्याच दिवशी उघडले, शिमो-शिराताकी १९२९ मध्ये शिराताकीबरोबरच उघडले होते. म्हणजे चारांपैकी तीन स्टेशने रूळ टाकणाऱ्यांनी आपल्या आराखड्यात आधीच मांडलेली होती. राहिले ते आपले क्यू-शिराताकी. ते कुणाच्याच आराखड्यात नव्हते.

क्यू-शिराताकीचा जन्म ११ फेब्रुवारी १९४७चा. युद्ध हरून दीड वर्ष झालेले, बाहेर बर्फाचे ढीग, आणि अशा दिवसांत शिराताकी आणि शिमो-शिराताकी यांच्या मध्ये, उघड्या रुळांलगत, एक 'कारि-जोकोजो' सुरू झाला. या शब्दाचा सरळ अर्थ 'तात्पुरती चढण्या-उतरण्याची जागा'. जपानी रेल्वेत ही एक निराळीच जात होती आणि तिची सर्वाधिक पैदास होक्काइडोत झाली. रीतसर स्टेशन उघडायचे तर टोकियोच्या मुख्यालयाची मंजुरी लागे. तात्पुरता थांबा मात्र स्थानिक रेल्वे प्रशासनाला आपल्या अधिकारात करता येई. म्हणून त्याला ना मास्तर, ना तिकीटखिडकी, ना देशभराच्या वेळापत्रकात जागा. अंतराच्या कोष्टकातही त्याची नोंद नसे, त्यामुळे तेथून चढणाऱ्याचे भाडे शेजारच्या खऱ्या स्टेशनापासून धरीत. प्रवासी चढला एका जागी आणि कागदावर चढला दुसऱ्याच जागी. सरकारी कामकाज माहीत असलेल्या कोणत्याही माणसाला यामागचे शहाणपण लगेच कळेल : वर विचारले तर नकार येईल, न विचारता केले तर चालून जाईल. गावाला गाडी मिळते, वरिष्ठांना फाइल मिळत नाही.

आणि हा तात्पुरता थांबा चाळीस वर्षे तात्पुरताच राहिला. एका गाडीपुरता फलाट, बाजूला बर्फापासून आडोसा म्हणून लाकडी खोपटे, बस्स. १ एप्रिल १९८७ रोजी जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून तिच्या सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी झाली, त्या दिवशी होक्काइडोतील अशा तात्पुरत्या थांब्यांना एकगठ्ठा स्टेशनाचा दर्जा मिळाला. क्यू-शिराताकी 'स्टेशन' झाले ते असे, मालक बदलताना झालेल्या कागदपत्रांच्या उलथापालथीत. आणि एव्हाना त्याचे प्रवासी संपत आले होते.

येथे मला आपल्या मार्गावरील एका स्टेशनाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर कारखान्याचा तळ ठोकला, तेव्हा तेथे निवडुंग, साप आणि कुंडल रोड नावाचे लहानसे स्टेशन एवढेच होते. स्टेशन आधी, गाव नंतर. पुढे गावाने स्टेशनाला स्वतःचे नाव दिले आणि कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झाले. भिलवडी स्टेशनाभोवतीची वस्तीही गावापासून दूर, स्टेशनाच्या आणि दुधाच्या आधाराने वाढली. आमच्या मार्गावरील स्टेशनांना अशी माणसे येऊन मिळत गेली. शिराताकीच्या खोऱ्यात क्रम उलटा होता : माणसे आधी आली, क्यू-शिराताकी स्टेशन पस्तीस वर्षांनी आले, आणि ते आले तेव्हापासून दहा-पंधरा वर्षांतच माणसे निघून जाऊ लागली.

ती का गेली, याला एक कारण नाही. परदेशी लाकूड स्वस्त पडू लागल्यावर लाकूडतोड मंदावली. पुदिन्याचा बाजार युद्धाने आणि त्यानंतर कृत्रिम मेंथॉलने बुडवला. घरोघरी मोटार आली आणि कैद्यांनी बांधलेला रस्ता बर्फ हटवणाऱ्या यंत्रांमुळे बारमाही झाला. तरुण साप्पोरोला गेले. शिराताकी गावची पंचायतही २००५ साली शेजारच्या एंगारू नगरात विलीन झाली. गाड्या कमी झाल्या, डबे कमी झाले, आणि शेवटी एक डिझेल डबा आणि एक चालक एवढीच गाडी उरली. या व्यवस्थेला जपानीतही 'वनमॅन' म्हणतात. गार्ड नाही, तिकीट तपासनीस नाही. चढताना दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकाच्या शेजारच्या पेटीत चिठ्ठीसह पैसे टाकायचे. आपल्या एसटीत चालक-वाहक एकच असावा, तसे.

होक्काइडोच्या रेल्वे कंपनीची आर्थिक रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही, म्हणून थोडे आकडे. १९८७ मध्ये विभाजन करतानाच सरकारला ठाऊक होते की होक्काइडोची कंपनी केवळ तिकिटांवर जगणार नाही. म्हणून तिला ६८२.२ अब्ज येनचा एक स्थैर्य निधी देण्यात आला : मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून तोटा भरून काढायचा. तेव्हाचा हिशेब ७.३ टक्के व्याजाचा होता, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५० अब्ज येन. पेन्शनीच्या ठेवीवर घर चालवणाऱ्या आपल्या पिढीला पुढचे सांगायची गरज नाही. नव्वदच्या दशकात जपानची फुगलेली अर्थव्यवस्था बसली, व्याजदर शून्याकडे गेले, आणि ज्या व्याजावर क्यू-शिराताकीसारख्या थांब्यांपुढचा बर्फ हटवला जायचा ते व्याजच आटले. माझ्या मते या स्टेशनाचे भवितव्य शाळेच्या दाखल्यात नव्हे, बँकेच्या व्याजदरात लिहिलेले होते.

शेवटचा दिवस २५ मार्च २०१६. २६ तारखेपासून नवे वेळापत्रक लागू झाले आणि त्यात क्यू-शिराताकी नव्हते. कामि-शिराताकी आणि शिमो-शिराताकीही नव्हते, याच मार्गावरील जोमोन बोगद्याजवळचे कानेहाना नव्हते. होक्काइडोत एकूण आठ स्टेशने त्या वेळापत्रकातून गेली. आणि त्याच २६ मार्चला, त्याच कंपनीने, समुद्राखालून जाणाऱ्या ५३.८५ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यातून होक्काइडोवर पहिली शिनकान्सेन आणली. एका हाताने बुलेट ट्रेनला हिरवी झेंडी आणि दुसऱ्या हाताने आठ पाट्या उतरवणे, हे एकाच दिवशी घडले. वर्तमानपत्रांची पहिली पाने कोणत्या छायाचित्राने भरली असतील, हे सांगायला नको.

आता संदेशाकडे. तो आला कुठून, तर चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या फेसबुक पानावर जानेवारी २०१६ च्या दुसऱ्या आठवड्यात तो झळकला आणि तेथून जगभर गेला. त्यातील किती टिकते, हे मी वडिलांच्या पद्धतीने, एकेक कलम घेऊन तपासले. क्यू-शिराताकीहून नियमित जाणारी ती एकच विद्यार्थिनी होती, हे खरे. ती एंगारूच्या माध्यमिक शाळेत जात होती आणि त्या मार्चमध्ये तिचे शिक्षण पुरे होत होते, हेही खरे. परंतु दिवसातून दोनच गाड्या होत्या त्या कामि-शिराताकीला, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. क्यू-शिराताकीला एंगारूकडे जाण्यासाठी सकाळी एक आणि परतीला तीन गाड्या थांबत. त्या गाड्या तिच्यासाठी सोडलेल्या नव्हत्या. त्या साऱ्या खोऱ्याच्या होत्या आणि ती नसती तरी त्याच रुळांवरून त्याच वेळी गेल्या असत्या. फरक पडला असता तो थांबण्याच्या मिनिटभराचा.

राहिला प्रश्न कंपनीने तिच्यासाठी वाट पाहण्याचा. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपते, सरकारी आणि व्यापारी हिशेबाचे वर्षही ३१ मार्चला संपते, आणि रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्येच बदलते. त्यामुळे कोणतेही स्टेशन बंद व्हायचे असेल तर ते बहुधा मार्चमध्येच बंद होते आणि कोणती ना कोणती मुलगी त्याच मार्चमध्ये शाळा संपवत असतेच. होक्काइडोतील माध्यमिक शाळांचा निरोप समारंभ तर मार्चच्या आरंभीच होतो. वेळापत्रक बदलले तेव्हा तिची शाळा संपून गेली होती. बंद होण्याची बातमी जपानी वर्तमानपत्रांत २०१५ च्या उन्हाळ्यातच आली होती आणि तिच्यात कारण दिले होते ते प्रवासी नसल्याचे. जेथे नियमित प्रवासी एकच आहे, तेथे तो गेल्यावर शून्य उरतो. एवढे साधे गणित कंपनीने पाहिले नसेल, असे मी म्हणत नाही. परंतु त्याला करुणा म्हणणे आणि त्यावरून आपल्या रेल्वेला नावे ठेवणे, हे मला पटत नाही. त्या गोष्टीत मला खटकते ते निराळेच. सकाळची एकमेव गाडी चुकली की शाळा चुकली, अशा बेताने तीन हिवाळे काढलेल्या मुलीची अडचण त्या संदेशात कंपनीच्या दयाळूपणाची सजावट होऊन बसते. विश्रामबागच्या फलाटावर उतरून विलिंग्डन कॉलेजपर्यंत पळत गेलेल्या आम्हा मुलींना गाडी चुकणे म्हणजे काय ते माहीत होते, आणि आमच्याकडे तर पुढची गाडी नसली तरी रस्त्यावर एसटी असायची.

स्टेशने गेल्यावर मार्ग सुखात राहिला, असेही झाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होक्काइडोवर एकापाठोपाठ एक वादळे आली आणि कामिकावा व शिराताकीच्या मधला मार्ग वाहून गेला. रूळ पुन्हा जोडायला ऑक्टोबर उजाडला. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने १,२३७.२ किलोमीटरचे मार्ग स्वबळावर चालवणे शक्य नाही असे जाहीर केले, आणि त्यात सेकिहोकु मार्ग सबंध आला. तो अजून चालतो. कामि-शिराताकी गेल्यामुळे कामिकावानंतरचे पुढचे स्टेशन एकदम शिराताकी, ३७.३ किलोमीटरवर, शिनकान्सेन सोडली तर सबंध जपानात दोन लगतच्या स्टेशनांमधील एवढे अंतर दुसरीकडे नाही. सांगलीहून किर्लोस्करवाडी ओलांडून पुढे जाऊ तेवढ्या अंतरात एकही थांबा नाही, असे समजा. कितामीचा कांदा मात्र याच मार्गाने जातो. सुगीनंतर कांद्याची मालगाडी घाट चढते ती पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने लावून. त्याला घाट हे एक कारण आणि एंगारू हे दुसरे : तेथून सरळ पुढे जाणारा नायोरो मार्ग १९८९ साली उखडला गेल्यामुळे एंगारूला आलेली प्रत्येक गाडी आल्या तोंडाने परत फिरते. कोल्हापूरच्या गाड्या पुण्याकडे जाताना मिरजेत तोंड फिरवतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. एंगारूला गाडी थांबली की प्रवासी उठतात, आपापले आसन उलटे फिरवतात आणि पुन्हा बसतात.

हे सारे एकदम कळलेले नाही. थोडे थोडे वाचत गेले आणि वडिलांना सांगत गेले. त्यांचे लक्ष त्या उन्हाळ्यात दुसरीकडे होते, कारण ११ एप्रिलला मिरजेहून लातूरसाठी पाण्याची पहिली गाडी सुटली होती आणि दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरायला किती वेळ लागला याचा हिशेब ते रोज मांडत होते. तरी एका दुपारी मी त्यांना तारीख सांगितली : २६ मार्च, वेळापत्रक बदलण्याचा दिवस. त्यांनी मान हलवली. मग मी सांगितले की शिमो-शिराताकी आणि कानेहाना या दोन ठिकाणी प्रवासी चढत-उतरत नसले तरी गाड्यांचे क्रॉसिंग अजून होते. पाटी काढली, पण बाजूचा रूळ आणि सिग्नल ठेवले आहेत. क्यू-शिराताकीला मात्र काहीच ठेवले नाही.

"सांधा नव्हता का तिथं?" वडिलांनी विचारले.

"नव्हता. एकच रूळ."

"मग मास्तर पण नसणार."

"कधीच नव्हता."

"मग तिकीट कोण द्यायचं?"

चालकाच्या शेजारी पेटी असते, उतरताना तिच्यात पैसे टाकायचे आणि ते चालक बघतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ड्रायव्हर पैसे बघणार, तर सिग्नल कोण बघणार?"